चष्म्याच्या घरचा कॉम्प्युटर

चष्म्याच्या घरात काही बिघडलं की मला बोलावणं यायचं. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. इस्त्री, मिक्सर, छताचा पंखा, मुलाची तीनचाकी सायकल, एकदा तर वहिनींच्या शेजारणीच्या कुकरचं झाकणसुद्धा. "पान्या, येऊन जा रे," एवढाच निरोप. मी पिशवी उचलून जायचो, काम व्हायचं, वहिनी चहा टाकायच्या आणि चष्मा माझ्या हातांकडे टक लावून बसायचा. कॉम्प्युटर बिघडला तेव्हा मात्र त्याने मला बोलावलं नाही.

आम्ही दोघे एकाच छापखान्यातले. तो वरच्या मजल्यावर मुद्रितं तपासायचा. एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर, म्हणून त्याचं नाव चष्मा. मी खाली यंत्रं दुरुस्त करायचो, खिशात कायम पाना, म्हणून मी पाना. खरी नावं कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. मी चाळिशी उलटल्यावर अक्षरं शिकलो, तीही त्याच्याकडूनच, जेवणाच्या सुटीत, रद्द झालेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर. त्यामुळे तो माझा माणूस आहे असं मी धरून चाललो होतो.

छापखाना बंद झाला, आम्ही घरी बसलो. त्याच्या मुलाने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना बापाला दिला. बापाने त्यावर पत्ते खेळावेत, एवढीच त्याची अपेक्षा असावी. पण चष्मा गप्प बसणारा नव्हे. त्याने छापखान्यातले शब्द गोळा करायला घेतले. पुस्तकातले नव्हेत, आमचे. शाई जास्त झाली की आम्ही म्हणायचो, पान रडलं. अक्षराचा शिशाचा खिळा झिजून अक्षर पुसट उमटलं की तो खिळा म्हातारा. कागद तिरका गेला की लंगडला. असले शब्द. त्यासाठी तो जुन्या कामगारांच्या घरोघर फिरला, कोणाच्या खाटेशी बसला, कोणाच्या मुलीला मध्यस्थ घालून बहिऱ्या बापाकडून शब्द काढून आणले. चार वर्षं एका बोटाने टाइप करत होता. सातशेच्या वर शब्द झाले होते. ज्यांनी ते सांगितले त्यातले निम्मे आता नाहीत.

तर हा कॉम्प्युटर बिघडलाय, हे मला कळलं वहिनींकडून, तेही रस्त्यात.

"आपोआप बंद पडतो हो," त्या म्हणाल्या. "आठ दिवस झाले. ह्यांचं जेवणात लक्ष नाही."

"आठ दिवस?" मी म्हणालो. "मला बोलला नाही."

वहिनी जरा चपापल्या. "वरचे मॅनेजर बघतायत ना. त्यांना त्यातलं कळतं. तुम्हाला कशाला त्रास, असं हे म्हणाले."

तुम्हाला कशाला त्रास! एकतीस वर्षांत माझ्या त्रासाची काळजी त्याला कधी पडली नव्हती.

मॅनेजर म्हणजे विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. वर्षभरापूर्वी चष्म्याच्या वरच्या घरात राहायला आले. आमच्याहून दहा वर्षांनी लहान, केस रंगवलेले, घरातही पायात मोजे. बोलायला लाघवी. मला ते पहिल्या दिवसापासून आवडले नव्हते, आणि त्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं हे मला चांगलं ठाऊक होतं.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती डाळ निवडत होती.

"मग तुमच्या पोटात का दुखतंय?"

"माझ्या पोटात कुठे दुखतंय?"

"तोंड बघा आरशात. सवत आल्यासारखं झालंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहज गेल्यासारखा गेलो. पिशवी मुद्दाम नेली नाही. मॅनेजर कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि चष्मा शेजारी स्टूल घेऊन त्यांच्या हातांकडे बघत होता. टक लावून. मी दारात उभा राहिलो आणि माझ्या पोटात खरंच दुखलं.

"ये रे पान्या," चष्मा मान न वळवता म्हणाला. "बघ, साहेब काय काय करतात."

साहेब बोलत होते. व्हायरस शिरला असावा, जुन्या फायलींचा कचरा साठलाय, मेमरी कमी पडते. चष्मा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मी भिंतीला टेकून ऐकत होतो, पण त्यांचं बोलणं नव्हे. टेबलाखाली तो काळा डबा होता, त्याच्या आतला आवाज मी ऐकत होतो. आधी एकसारखी घरघर. मग घरघरीत अडखळ, थकलेल्या माणसाने जिना चढावा तशी. मग बारीक टकटक, आणि मग आवाजच नाही. पडदा चालू, अक्षरं चालू, पण आत काहीतरी फिरायचं थांबलेलं. मी मनात आकडे मोजत राहिलो. पाचएक मिनिटं गेली आणि कॉम्प्युटर फटकन बंद पडला.

मी कॉम्प्युटर कधी उघडलेला नव्हता. पण फिरणारी वस्तू कॉम्प्युटरमध्ये असो की छतावर, तिला तेल लागतं आणि तिच्यात धूळ जाते. आत पंखा होता. तो अडकत होता, त्यामुळे आतला भाग तापत होता आणि यंत्र स्वतःला वाचवायला बंद पडत होतं. अर्ध्या तासाचं काम. डबा उघडायचा, पुसायचा, तेलाचा एक थेंब.

मी तोंड उघडलंही होतं. "चष्म्या, मला वाटतं आतला..."

"मिस्त्री," मॅनेजर हसत म्हणाले, "हे पान्याने पिळायचं काम नाही हो. सगळं डोक्याचं काम आहे हे."

वाक्यात फार विष नव्हतं. ते असंच बोलायचे. पण चष्मा हसला. मोठ्याने, मान मागे टाकून हसला, कपाळावरचा चष्मा घसरून नाकावर आला.

मी तोंड मिटलं. चहा न घेता घरी आलो.

त्यानंतरचे दिवस मी फार मजेत काढले, हे मला लिहायलाच हवं. संध्याकाळी आम्ही दोघे फिरायला जायचो, तलावाला एक फेरी. मी रोज विचारायचो, "झाला का रे सुरू?"

"नाही रे. आज साहेबांनी वायर बदलून पाहिली."

"वा."

"आज त्यांनी व्हायरस मारायचं औषध घातलं."

"मेला?"

"कोण?"

"व्हायरस."

"मेला म्हणतात. पण बंद पडतोच."

माझ्या आत कोणीतरी टाळ्या वाजवत होतं. वाटायचं, आता म्हणेल, उद्या म्हणेल, पान्या, तूच ये बाबा. आणि मी जाईन, मॅनेजरच्या देखत डबा उघडीन, फुंकर मारीन. मी ते दृश्य इतक्या वेळा मनात रंगवलं होतं की त्यात मॅनेजरच्या तोंडचं वाक्यसुद्धा ठरवून टाकलं होतं. पण तो तसं म्हणाला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "साहेब म्हणतात, सगळं पुसून नव्याने भरायला लागणार. रविवारी करतील."

मी थांबलो. "सगळं म्हणजे? तुझे शब्द?"

"त्याची नक्कल काढून ठेवलीय त्यांनी. पेन ड्राइव्हवर. हा बघ." त्याने खिशातून नखाएवढी वस्तू काढून दाखवली आणि परत खिशात ठेवून वरून दोनदा थोपटली. "चार वर्षं एवढ्याशात मावली, बघ."

बोलायची वेळ तीच होती. पुसायची काही गरज नाही, पंखा अडकलाय, एवढं एकच वाक्य. जिभेवर आलंही. मग मला ते स्टूल दिसलं, ते हसणं ऐकू आलं. नक्कल आहे ना, मी स्वतःला म्हणालो. मग पुसू दे. पुसूनही बंदच पडणार आहे. साहेबांचं नाक तरी खाली होईल.

"चांगलं आहे," मी म्हणालो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुम्हाला बिघाड कळलाय."

"कशावरून?"

"चार दिवस शीळ घालताय. जाऊन सांगा."

"विचारलं तर सांगीन."

"अहो, लहान आहात का? सत्तरी झाली."

"विचारलं तर सांगीन," मी पुन्हा म्हणालो, आणि तिने पुढे बोलणं सोडून दिलं. ती बोलणं सोडते तेव्हा ती बरोबर असते, हा माझा संसारातला अनुभव आहे.

रविवारी अकराच्या सुमाराला वहिनींचा फोन आला. "या हो तुम्ही. पिशवी घेऊन या."

गेलो. मॅनेजरांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. सगळं पुसून झालं होतं, नवीन भरता भरता यंत्र तीनदा मध्येच बंद पडलं होतं आणि आता पडद्यावर नुसती इंग्रजीतली एक ओळ होती. चष्मा खिडकीशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, ते ओळखीचं पाहणं. "पान्या, बघतोस का रे?"

हेच ऐकायला मी इतके दिवस थांबलो होतो. मी पिशवी उघडली. डब्याची पाठ काढली. आत बोटभर धूळ, उशीतल्या कापसासारखी. पंखा बोटाने फिरवला तर अर्धा फेरा घेऊन थांबला. मी तो सोडवला, रंगाच्या ब्रशने धूळ काढली, मधलं चिकट लेबल उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, पुन्हा बसवला. बोट लावलं तर पंखा फिरतच राहिला. पंचवीस मिनिटं लागली.

"एवढंच?" चष्मा म्हणाला.

"एवढंच."

"कमाल आहे मिस्त्री!" मॅनेजर म्हणाले. "मानलं तुम्हाला."

मनात ठरवलेल्या वाक्याहून हे वाक्य चांगलं होतं. मी पाना पुसत होतो आणि माझी छाती फुगली होती. मॅनेजरांनी राहिलेलं काम तीनपर्यंत संपवलं, यंत्र एकदाही बंद पडलं नाही. वहिनींनी सगळ्यांना चहा दिला. मग चष्म्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि स्वतःच्या हाताने लावला.

पडद्यावर त्याच्या सगळ्या फायलींची चित्रं आली. शाईखातं, जुळणीखातं, यंत्रखातं, बांधणीखातं. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण होता. त्याने शाईखात्यावर दोनदा बोट दाबलं. पाटी आली की हे सापडत नाही. जुळणीखातं, सापडत नाही. यंत्रखातं. तीच पाटी.

मॅनेजर पुढे झाले, वाकले, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी फायलींची नक्कल केलीच नव्हती. पडद्यावर जी बाणाची चित्रं होती, त्यांचीच नक्कल केली होती. ही चित्रं म्हणजे नुसता पत्ता असतो, घर दुसरीकडे असतं, हे त्यांनीच आम्हाला अडखळत समजावलं. पत्ते सगळे खिशात होते. घरं त्यांनी सकाळी पुसून टाकली होती.

"दुकानात दाखवू," ते म्हणाले. "निघतं कधीकधी."

चष्म्याने कपाळावरचा चष्मा काढला, डोळ्यांवरचाही काढला. मी त्याला बिनचष्म्याचा फारसा पाहिलेला नव्हता. मग तो ओरडला. तो ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. "तुम्हाला कळत नव्हतं तर हात कशाला लावलात? कोणी सांगितलं होतं? चालते व्हा! वर जा तुमच्या घरी, पुन्हा खाली येऊ नका!"

मॅनेजर मोज्यांवरच उभे होते. चपला शोधायला त्यांना वेळ लागला. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि मला हवं ते सगळं मिळालं होतं. ते निघून जाणार होते. चष्मा माझा राहणार होता. एकतीस वर्षं जसं होतं तसं पुन्हा होणार होतं, आणि मी गप्प बसलो तर जगात कोणालाही काही कळणार नव्हतं.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काही कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

"त्यांना बोलू नकोस," मी म्हणालो. "पंखा अडकलाय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मॅनेजर दारात थांबले. चष्म्याला आधी समजलंच नाही. "पहिल्या दिवशी म्हणजे?"

"त्या दुपारी. भिंतीशी उभा होतो तेव्हा. आवाजावरून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू हसलास."

"मी कधी हसलो?" तो म्हणाला. त्याला ते आठवतसुद्धा नव्हतं. मी इतके दिवस जे उरात घेऊन हिंडत होतो, ते त्याच्या लक्षातच नव्हतं.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "तूही जा."

मी आणि मॅनेजर बरोबरच बाहेर पडलो. जिन्यापाशी ते वर गेले, मी रस्त्याला लागलो. एकमेकांकडे पाहिलं नाही.

दुकानातल्या बाईंनी चार दिवस तपासून सांगितलं, वरून नवीन लिहिलं गेलंय, खालचं निघत नाही. हे मला बायकोकडून कळलं, तिला वहिनींकडून. संध्याकाळची फेरी मी एकटाच मारू लागलो, उलट्या दिशेने, म्हणजे तो आलाच तर समोरून यावा. तो आला नाही.

महिन्याभराने मी त्याच्या घरावरून गेलो. मुद्दामच गेलो. खिडकी उघडी होती. कॉम्प्युटरसमोर चष्मा होता, आणि शेजारी स्टुलावर मॅनेजर, हातात वही घेऊन. ते आठवून आठवून शब्द सांगत होते. वर्षभर चष्म्याने रोज रात्री त्यांना यादी वाचून दाखवली होती म्हणे. वर राहणारा माणूसच त्याची वही झाला होता. मला त्याने कधी वाचून दाखवली नाही. का दाखवील? त्यातले शब्द मला आधीपासूनच येत होते.

त्यांची दोन डोकी एका पडद्यासमोर बघून मला जे झालं ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. तेव्हा निदान मी बरोबर होतो.

आणखी पंधरा दिवसांनी माझ्या दारावर टकटक झाली. मॅनेजर होते. हातात तीच वही. आज मोजे नव्हते.

"मिस्त्री, बसू का?"

"बसा."

"यंत्रखात्याचे शब्द अडलेत. मला थोडे आठवले, बाकी नाही. ते तुम्हाला विचारणार नाहीत. मी विचारायला आलोय. त्यांना सांगून नाही आलो."

मी बायकोकडे पाहिलं. तिने चहाचं आधण ठेवलं. म्हणजे सांगा.

तर मी सांगितलं. त्या माणसाला, माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसवून एकेक शब्द सांगितला आणि तो वळणदार अक्षरात लिहीत गेला. मला त्याच्या अक्षराचासुद्धा हेवा वाटला. रूळ घासला की काय म्हणायचं, पट्टा सुटला की काय, मोठ्या यंत्राला काय नाव होतं आणि ते का पडलं. ते मध्येच हसायचे आणि म्हणायचे, "हा त्यांना फार आवडेल." आवडेल ना. घेऊन तुम्ही जाणार. दोन तासांत पंच्याऐंशी शब्द झाले.

"शेवटचा एक," ते वही चाळत म्हणाले. "सकाळी यंत्र सुरू केल्यावर पहिला फेरा रिकामा फिरायचा, कागद न घेता. त्याला तुम्ही काहीतरी म्हणायचात. तो शब्द त्यांना फार हवा आहे. परवा अर्धा दिवस तेच घेऊन बसले होते."

मला तो शब्द माहीत होता. माझ्याशिवाय तो आता कोणालाच माहीत नव्हता. बाकीचे यंत्रवाले गेले.

"नाही आठवत," मी म्हणालो.

आतून बायकोने भांडं जरा जोरात ठेवलं.

"बघा, आठवला तर," मॅनेजर म्हणाले आणि वही काखेत मारून गेले.

"पुन्हा?" बायको बाहेर येऊन म्हणाली. "एवढं होऊन पुन्हा तेच?"

"हे तेच नाही," मी म्हणालो. पण जवळपास तेच होतं.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी दार वाजलं ते वेगळं, मुठीने. दारात चष्मा. दोन्ही चष्मे जागेवर, हातात एक पाठकोरा कागद.

"तुला आठवत नाही म्हणे."

"नाही."

"तुला? तुला त्या यंत्राचा प्रत्येक खिळा आठवतो."

"म्हातारा झालो."

"शब्द सांग, मी जातो."

"उभ्याउभ्या नाही आठवायचा."

तो तसाच उभा राहिला. रस्त्यावरून पाववाला गेला, घंटी वाजवत. मग चष्मा आत आला, चपला न काढता खुर्चीच्या अगदी कडेवर बसला आणि कागद गुडघ्यावर ठेवून पेन उघडलं.

"बोल."

"जांभई," मी म्हणालो. "यंत्राने जांभई दिली, की मग कागद लावायचा."

त्याने लिहिलं. लिहिल्यावर ओठ हलवून एकदा वाचलं, मुद्रित वाचावं तसं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं आणि त्याने ते लगेच आवरलं.

"मॅनेजर बरे आहेत का?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरे. त्यांना कळत नसलं तरी ते बोलतात. तुला कळतं आणि तू तोंड मिटून बसतोस. सातशे शब्द गेले, पान्या. मुलीच्या मध्यस्थीने त्या बहिऱ्याकडून काढलेले सगळे गेले. ते कोण सांगणार आता?"

बायकोने चहा आणून दोघांच्या मध्ये ठेवला. त्याने कपाला हात लावला नाही, पण उठलाही नाही. कागद उलटा केला, सुलटा केला.

"पट्टा सुटल्यावर जो फटका बसायचा," शेवटी तो कागदाकडेच बघत म्हणाला, "त्याला साहेबांनी काहीतरी लिहून आणलंय. ते मला बरोबर वाटत नाही."

"काय लिहिलंय?"

त्याने सांगितलं. चुकीचं होतं. मी सांगितलं तेव्हा मॅनेजरने ऐकताना घाई केली असणार. मला झालेला आनंद मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. खुर्ची जरा पुढे ओढली.

"ते तसं नाही," मी म्हणालो. "लिही."